‘घाबरू नकोस’ एवढ्याने भागत नाही

विद्यार्थी मित्रांनो, शाळेच्या स्नेहसंमेलनात हा प्रसंग तुम्ही एकदा तरी पाहिलाच असेल. मुख्याध्यापक बोलायला उभे राहतात, माईकला हात लावतात आणि एकाएकी कर्ण्यातून कानठळ्या बसवणारी शीळ सुरू होते. सारे कानांवर हात ठेवतात. मागून माईकवाला धावत येतो, काहीतरी फिरवतो, माईक थोडा बाजूला सरकवतो आणि शीळ थांबते.

ही शीळ येते कोठून? कोणी शीळ घातलेली नसते. माईकमध्ये एखादा बारीकसा आवाज शिरतो. अ‍ॅम्प्लिफायरमधून तो मोठा होऊन कर्ण्यातून बाहेर पडतो. कर्णा जवळच असेल तर तोच मोठा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो, पुन्हा वाढतो, पुन्हा बाहेर येतो. क्षणार्धात या चक्रातून शीळ तयार होते. भौतिकशास्त्रात याला धन प्रत्याभरण म्हणतात.

आता परीक्षेचा दिवस आठवा. प्रश्नपत्रिका हातात पडते. पहिला प्रश्न नीट उमगत नाही. छातीत थोडे धडधडते. इथपर्यंत सारे ठीक आहे, कारण अशा वेळी शरीरात अ‍ॅड्रिनॅलिन स्रवते आणि हृदयाचे ठोके वाढतात. पण काहींच्या बाबतीत पुढे असे होते की मन त्या धडधडीकडेच पाहू लागते. ‘धडधडते आहे, म्हणजे काहीतरी वाईट होणार’ असा अर्थ ते लावते. त्या अर्थाने धडधड आणखी वाढते. वाढलेली धडधड मनाला आपल्या भीतीचा पुरावा वाटते. हात थरथरतात, पाठ केलेले आठवत नाही, आणि आठवत नाही हाच नवा पुरावा होतो. माईक कर्ण्याचे ऐकू लागला!

अशा मुलाला आपण काय सांगतो? ‘घाबरू नकोस.’ ‘मन खंबीर कर.’ ‘त्यात घाबरण्यासारखे काय आहे?’ शिळ वाजवणाऱ्या कर्ण्यापुढे उभे राहून ‘गप्प बैस’ असे ओरडण्यासारखेच हे आहे. उलट तो आवाजही माईकमध्ये शिरतो. घाबरायचे नाही असे सांगूनही मी घाबरतोच, याचीही भीती मुलाला वाटू लागते.

हे मी अधिकाराने सांगतो आहे. मानसशास्त्र हा माझा विषय नव्हे. यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. माझा अधिकार वेगळा आहे, आणि तो सांगायला मला बरीच वर्षे लागली.

सुमारे आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. बारावीच्या वर्गात तरंगगती शिकवत होतो. सोळा वर्षे शिकवलेला धडा. मध्येच एक पायरी विसरलो. मागच्या बाकावरून कोणीतरी हसले. ते मला हसले की आपसांत हसले, हे आजही ठाऊक नाही. घसा कोरडा पडला, छाती धडधडू लागली, कपाळावर घाम आला. तब्येत बरी नाही असे सांगून मी वर्गाबाहेर पडलो. बाहेर व्हरांड्यात आलो आणि दोन मिनिटांत बरे वाटले.

मित्रांनो, घात त्या बरे वाटण्यात होता. वर्गातून बाहेर पडले की बरे वाटते, हे माझे शरीर शिकले. पुढच्या आठवड्यात रजा घेतली. मग बारावीचे तास सहकाऱ्याकडे दिले आणि प्रयोगशाळेची जबाबदारी मागून घेतली. उरलेल्या तासांना फळ्याकडे तोंड करून लिहीत राहायचे. प्रत्येक वेळी टाळले की सुटका वाटे आणि प्रत्येक सुटकेने भीती बळकट होई. रक्तदाब, हृदयाचा आलेख, थायरॉइड, सारे तपासले. डॉक्टर म्हणाले, काही नाही. शिपाईदादा एकदा म्हणाले, “सर, तब्येत तं बरी दिसते तुमची, मंग वर्गावर काहून नाही जात?” माझ्याजवळ उत्तर नव्हते.

याच काळात अकरावीतील एक मुलगी माझ्याकडे आली. म्हणाली, “सर, मले तोंडीचं लय भेव लागते. येत असलेलं बी आठवत नाही.” मी स्वतः वर्ग टाळणारा माणूस, तिला काय म्हणालो? “त्यात घाबरायचे काय?” ती मान हलवून गेली. पुढच्या वर्षी तिने विज्ञान शाखा सोडल्याचे कळले. कारण तेच होते की दुसरे, मी कधी विचारले नाही.

शेवटी पत्नीच्या आग्रहाने नागपूरला एका समुपदेशक बाईंकडे गेलो. दर शनिवारी एस.टी.ने दीडशे किलोमीटर जायचे आणि रात्री परत यायचे. गावात मी सांगत असे की प्रयोगशाळेचे सामान पाहायला जातो. एवढे सामान कोणते घेतो, असे कोणी विचारले नाही हे नशीब.

माझी समजूत होती की बाई धीर देतील, चार उपदेशाच्या गोष्टी सांगतील, फार तर लहानपणीचे विचारतील. त्यांनी पहिल्याच दिवशी मला वही काढायला लावली. “सर, तुम्ही प्रयोगशाळेत निरीक्षण तक्ता करता ना? तसाच करू.” पानाच्या डाव्या बाजूला अंदाज: काय होईल असे वाटते आणि भीती शून्य ते शंभरपैकी किती. उजव्या बाजूला प्रत्यक्ष काय झाले. भीती अशी शंभरात मोजण्याची रीत जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञाने रूढ केली. शंभर म्हणजे कल्पना करता येईल तेवढी सर्वांत मोठी भीती. मापन म्हणून ते कच्चेच आहे, पण मापन आहे. ‘खूप भीती वाटते’ या वाक्यापेक्षा ‘सत्तर’ या आकड्याशी मला काहीतरी करता येत होते.

मग आम्ही पायऱ्या ठरवल्या. पहिली पायरी, रिकाम्या वर्गात मोठ्याने दहा मिनिटे शिकवणे. मग दोन सहकाऱ्यांपुढे. मग प्रात्यक्षिकाच्या पंधरा मुलांपुढे. मग पूर्ण वर्ग, पण फळ्याकडे तोंड करायचे नाही. एका पायरीवर भीती बरीच उतरली की पुढची. आणि मुख्य अट ही की धडधड सुरू झाली तरी पळायचे नाही, वर्गातच थांबून पाहायचे.

पंधरा मुलांपुढच्या तासाची नोंद माझ्याकडे अजून आहे. सुरुवातीला ८०, चार मिनिटांनी ८५, बारा मिनिटांनी ५५, तास संपताना ३०. मी ते आलेखपत्रावर काढले. गरम पाणी थंड होताना जसा वक्र मिळतो तसा काहीसा दिसत होता. सूत्र बसवण्याचा मोहही झाला, बसले नाही. मधे उंचवटे होते आणि पुढच्या आठवड्यातला आलेख तर सरळ उलटा निघाला. बाई म्हणाल्या, निरीक्षण आहे, खोडू नका. त्या दिवशी भीती उतरली नाही हे खरे, पण डावीकडे लिहिलेले ‘मी चक्कर येऊन पडेन’ हे घडले का? घडले नव्हते. आजचे अनेक संशोधक याच गोष्टीला अधिक महत्त्व देतात: भीती किती उतरली यापेक्षा आपला अंदाज चुकला हे मनाने प्रत्यक्ष पाहिले की नाही.

सर्वांत अवघड पायरी शेवटची होती. भर वर्गात बोलता बोलता मुद्दाम दहा सेकंद गप्प उभे राहायचे. अंदाज: सारा वर्ग हसेल, भीती ९५. प्रत्यक्ष: तिघांनी मान वर करून पाहिले, एकाने ती संधी साधून डबा उघडला. अकराव्या बैठकीनंतर मी बारावीचा तास परत मागून घेतला. धडधड आजही कधी होते. आता ती सुरू झाली तर मी तिचे ऐकत बसत नाही.

या पद्धतीत नवीन काही नाही. १९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या तरुण संशोधिकेने पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलाची सशाची भीती अशीच घालवली. पीटर खाण्यात रमलेला असताना पिंजऱ्यातला ससा दूर ठेवायचा, पुढे थोडा जवळ, मग आणखी जवळ. अखेर पीटर सशाला हाताने कुरवाळू लागला. त्यानंतर नऊ वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस या एकोणीस वर्षांच्या लाजाळू तरुणाने स्वतःवरच प्रयोग केला. मुलींशी बोलण्याची त्याला विलक्षण भीती वाटे. त्याने ठरवले की महिनाभर रोज वनस्पतिउद्यानात जायचे आणि बाकावर एकटी बसलेली मुलगी दिसली की शेजारी बसून बोलायला सुरुवात करायची. शंभर जणींशी तो बोलला. मैत्री कोणाशीच जमली नाही, पण आभाळही कोसळले नाही आणि भीती गेली. (ही रीत यवतमाळच्या बसस्टँडवर करून पाहू नका, समोरच्या व्यक्तीलाही भीती असते आणि नाही म्हणण्याचा हक्क असतो.) हाच एलिस पुढे मोठा मानसोपचारतज्ज्ञ झाला. घटनेपेक्षा घटनेविषयीची आपली ठाम समजूत आपल्याला जास्त छळते, हे त्याच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे सूत्र. ही पद्धती आपल्याकडे रुजवण्याचे श्रेय मुंबईचे कि. मो. फडके यांना जाते.

भीतीसारखाच दुसरा एक त्रास असतो, अडकून पडण्याचा. काहीच करावेसे वाटत नाही, पुस्तक समोर असते पण उघडत नाही. असा मुलगा ‘आळशी’ ठरतो. तुम्ही घर्षण शिकला आहात. थांबलेली बैलगाडी हलवायला जितके बल लागते, तितके ती चालू लागल्यावर लागत नाही. अडकलेला माणूस म्हणतो, ‘मन लागू दे, मग अभ्यास करतो.’ पण मन लागणे हे बहुधा सुरुवात केल्यानंतर येते. म्हणून समुपदेशक मनापासून सुरुवात न करता कृतीपासून करतो, आणि ती कृती हास्यास्पद वाटावी इतकी लहान ठेवतो: आज फक्त एक आकृती काढ, संध्याकाळी मित्राच्या घरापर्यंत चालून ये आणि त्यानंतर कसे वाटले ते लिही.

याने खरेच फरक पडतो का, हा प्रश्न विज्ञानाच्या विद्यार्थ्याने विचारलाच पाहिजे. त्याचे एक चांगले उत्तर गोव्यातून मिळाले आहे. तेथील संगथ या संस्थेच्या संशोधकांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र विषण्णता असलेल्या प्रौढ रुग्णांचे, नाणेफेकीसारख्या निव्वळ योगायोगाच्या पद्धतीने, दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्याला त्याशिवाय सहा ते आठ वैयक्तिक बैठका, वर सांगितलेल्या कृतीच्या धर्तीवरच्या. तीन महिन्यांनी पहिल्या गटातील ३९ टक्के, तर दुसऱ्यातील ६४ टक्के लोक विषण्णतेतून बाहेर आले होते. हे निष्कर्ष २०१७ च्या ‘लॅन्सेट’ मध्ये छापून आले. यातली लक्षणीय गोष्ट अशी की बैठका घेणारे मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते. या कामासाठी प्रशिक्षित केलेली साधी माणसे होती. आणि ६४ म्हणजे १०० नव्हेत, हेही विसरू नका. काहींना औषधे लागतात, काहींना जास्त वेळ.

दुसरे उदाहरण अगदी आपल्या शेजारचे. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गावातच प्रशिक्षित कार्यकर्ते आणि समुपदेशक नेमले, गरजेप्रमाणे मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवण्याची सोय केली. आधी विषण्णता असलेल्यांपैकी केवळ ४.३ टक्के लोक कोणाची तरी मदत घेत होते. कार्यक्रमानंतर हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. विषण्णतेचे प्रमाणही १४.६ वरून ११.३ टक्क्यांवर आले. मात्र येथे तुलनेसाठी वेगळी गावे नव्हती, म्हणून सारी घट कार्यक्रमामुळेच झाली असे ठामपणे म्हणता येत नाही. पण पहिला आकडा मला अस्वस्थ करतो. शंभरांतले पंचाण्णव लोक कोणालाच काही न सांगता बसले होते! आपल्या जिल्ह्यात, जेथे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी कितीतरी घरे उजाड केली, चित्र फार वेगळे असेल असे मला वाटत नाही. समुपदेशनाने कपाशीला भाव मिळत नाही की कर्ज फिटत नाही. ती लढाई वेगळी आणि तीही लढलीच पाहिजे. पण कर्जाचा कागद घेऊन बँकेत जायलाही माणसाला अंथरुणातून उठता यावे लागते.

आता शिक्षक बंधुभगिनींशी थोडे भांडतो. परीक्षा जवळ आल्या की आपण चारशे मुलांना सभागृहात बसवून ‘ताणतणावाचे व्यवस्थापन’ या विषयावर व्याख्यान ठेवतो. व्याख्यात्याचा सत्कार होतो, मुले टाळ्या वाजवतात. सगळ्या वर्गाला एकाच नंबरचा चष्मा वाटावा तसा हा प्रकार आहे. एकाची भीती तोंडी परीक्षेची, दुसऱ्याची घरी दारू पिऊन येणाऱ्या बापाची, तिसरीची पहिल्या क्रमांकावरून घसरण्याची. प्रत्येकाचे चक्र वेगळ्या जागी जुळलेले असते आणि ते कोठे तोडायचे हे एकाच्याच समोर बसून, त्याचे ऐकून कळते. व्याख्यानाच्या खर्चात शाळेतील एखाद्या शिक्षिकेला नीट प्रशिक्षण देता येईल आणि दार बंद होणारी एक लहानशी खोली ठेवता येईल. नीट हा शब्द मी जाणून वापरतो. गोव्यातील त्या समुपदेशकांच्या बैठका ध्वनिमुद्रित करून तपासल्या जात. दोन तासांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र म्हणजे प्रशिक्षण नव्हे. अर्धवट शिकलेल्याने मुलाचे गुपित शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर सांगितले, तर ते मूल पुन्हा कोणाजवळ तोंड उघडणार नाही.

आणि विद्यार्थ्यांनो, तोवर तुम्ही काय करावे? यवतमाळला श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. किशोरवयीनांसाठी शासकीय रुग्णालयांतून ‘मैत्री’ केंद्रे आहेत. २०२२ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या ‘टेली मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य बोलता येते. तेथे जाणे म्हणजे वेडे ठरणे नव्हे. मी गेलो होतो, आणि तुमच्यासारख्यांना अजून प्रकाशाचे व्यतिकरण शिकवतो. तुम्ही सांगितलेले समुपदेशक सहसा बाहेर सांगत नाही. जिवाला धोका आहे असे वाटले तर मात्र, तुम्हाला वाचवण्यापुरते, घरच्यांना कळवतो. एखाद्याशी सूर जुळला नाही तर दुसरा शोधा, पहिल्या एस.टी.त जागा नाही म्हणून कोणी गावाला जायचे रद्द करत नाही. स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील तर मात्र पुढच्या एस.टी.ची वाट पाहू नका. त्याच घटकेला घरातल्या मोठ्या माणसाला सांगा किंवा तो क्रमांक फिरवा.

मी समुपदेशक नाही आणि होणारही नाही. पण गेल्या तीन वर्षांपासून प्रात्यक्षिक परीक्षेच्या आधी दर गुरुवारी सायंकाळी प्रयोगशाळा उघडी ठेवतो. तोंडी परीक्षेची खुर्ची, समोर मी, आणि टेबलावर वही. ज्याला यायचे त्याने यावे. घाटंजीकडच्या एका गावचा मुलगा सध्या येतो आहे. १४४१६ वर तो एकदा बोललाही आहे. पहिल्या गुरुवारी डाव्या बाजूला त्याने लिहिले, ‘बोबडी वळेल, ९०’. उजव्या बाजूला, ‘वळली, पण दोन उत्तरे दिली’. दुसऱ्या गुरुवारी ७५. तिसऱ्या गुरुवारी पुन्हा ८५, आणि तो आकडा तो खोडायला निघाला होता. मी हात धरला. चौथे निरीक्षण या गुरुवारी घ्यायचे आहे.